बोंबील की शेंगदाणा

मित्रांनो, मी शर्यतीची एक जुनी मोटारसायकल आहे. भुईगावच्या एका वाडीत, पाण्याच्या पंपाच्या खोलीत उभी असते. मला जग दोनच गोष्टींतून कळतं: उष्णता आणि कंप. अगदी आत्ताआत्तापर्यंत वर्षभर यांपैकी काहीच माझ्या वाट्याला आलं नाही. त्यामुळे माझ्या गोष्टीतला काही भाग तुम्हाला कोरडा वाटेल. मला तो तसाच कळला.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी शर्यतीची नव्हते. माझा मालक गॉडफ्रे, त्याच्या वडिलांनी मला सोनचाफ्याच्या टोपल्या स्टेशनवर पोहोचवायला घेतलं होतं. तरुण गॉडफ्रे फुलं उतरवून परतताना मला असा पिटाळायचा की माझा आवाज आला की गावातल्या कोंबड्या आधीच कुंपणावर चढून बसत.

श्रीरंग त्याला स्टेशनबाहेरच भेटला. आचोळ्याला राहणारा, यंत्रांचा इंजिनियर. माझा आवाज ऐकून तो थांबला.

"तुमची गाडी उपाशी आहे," तो म्हणाला.

"सकाळीच टाकी भरलीय."

"पेट्रोलनं नाही हो. हवेनं उपाशी आहे."

पुढच्या रविवारी त्याने मला खोललं. कानशीने माझ्या सिलिंडरमधल्या हवेच्या वाटा रुंद केल्या. पत्रा वळवून मध्ये फुगीर आणि टोकाला निमुळता असा सायलेन्सर बनवला. मग भुईगावच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या घट्ट वाळूवर माझी चाचणी सुरू झाली.

ती चाचणी मजेची होती. गॉडफ्रे मला पूर्ण वेगात न्यायचा आणि त्याच क्षणी इंजिन बंद करून, क्लच दाबून, घरंगळत श्रीरंगपाशी थांबायचा. हळूहळू थांबलं, तर स्पार्क प्लगवरचा खरा रंग बदलतो. श्रीरंग फडक्यात धरून गरम प्लग काढायचा. प्लग पांढरा पडला तर इंजिन जास्त तापतंय, काळा पडला तर पेट्रोल जास्त होतंय. मधला तपकिरी रंग बरोबर.

"बोंबील!" गॉडफ्रे ओरडायचा. "एकदम सुका बोंबील!"

"तुला सगळीकडे मासळीच दिसते. शेंगदाणा आहे हा. भाजलेला."

"भटा, तू कधी बोंबील बघितलायस?"

"वास घेतलाय. पुरे आहे."

हे भांडण कधीच मिटलं नाही. रंग बरोबर आला, की दोघांनी आपापला शब्द म्हणायचा, असा रिवाजच पडला.

आम्ही नाशिकला मातीच्या ट्रॅकवर गेलो. टाकीवर टोपल्यांचे ओरखडे बघून पुण्याची मुलं मला चिडवायची, "आली फुलवाली!" फुलवाली दुसरी आली. संध्याकाळी तीच मुलं श्रीरंगभोवती बसली होती आणि तो काडीने मातीत माझा सायलेन्सर काढून दाखवत होता. गॉडफ्रे वैतागला.

"अरे, सगळंच सांगतोस काय त्यांना?"

"सांगू दे की. पुढच्या वेळी जिंकायला मजा येईल."

पुढच्या वेळी आम्ही चौथे आलो. तरीही मजा आली.

मग शर्यती थांबल्या. गॉडफ्रेच्या बोटांत कायमच्या मुंग्या राहिल्या. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांच्या हादऱ्यांनी झालं. ते हादरे माझेच होते. तरी दर रविवारी श्रीरंग यायचा, टाकी भरायचा, मला थोडा वेळ चालू ठेवायचा.

गेल्या वर्षी तो वारला. गॉडफ्रे स्मशानातून आला आणि माझ्याशेजारी बसला. तो रडला नाही. मी थंड होते. मलाही काही वाटलं नाही.

महिन्याभराने त्याने पेट्रोलपंपावरून पेट्रोल आणलं, माझ्या टाकीत ओतलं आणि मला चालू केलं. मला बरं वाटलं. मग फार गरम वाटलं. मग काहीच नाही. माझा पिस्टन सिलिंडरला चिकटला होता.

"संपलं," गॉडफ्रे म्हणाला आणि माझ्यावर गोणपाट टाकलं.

या महिन्यात विरारचा जितेश आला. त्याचं हॉटेल आहे.

"काका, काचेच्या पेटीत लावतो, वरून लाइट सोडतो. लोक सेल्फी काढतील. चालू नाही ना? बरंच झालं, तेल गळायला नको."

"रविवारी ने," गॉडफ्रे म्हणाला. आवाजात चढ नाही, उतार नाही.

हे श्रीरंगच्या मुलीला, ज्ञानदाला कळलं. ती कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग मोजून तपासते. दुसऱ्याच दिवशी बाबांची हत्यारं घेऊन ती हजर झाली.

"अंकल, मला विचारलंही नाहीत?"

"जाम झालीय ती. मीच केली."

"टाकीत काय घातलं होतं?"

"पेट्रोल."

"आणि तेल?"

"तेल श्री घालायचा," गॉडफ्रे म्हणाला.

मित्रांनो, माझ्यासारख्या इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. हे गॉडफ्रेला कानांनी माहीत होतं. हातांना कधी करावंच लागलं नव्हतं.

ज्ञानदाने मला खोललं, चिकटलेलं ॲल्युमिनियम घासून काढलं, नव्या रिंगा घातल्या. किनाऱ्यावर आता गाड्यांना बंदी आहे. म्हणून शनिवारी तिने हेल्मेट घातलं आणि मला वाडीमागच्या सरळ वाटेवर काढलं. वाटेच्या टोकाला, श्रीरंगच्या जागी, गॉडफ्रे उभा होता.

मी तापले. मी थरथरले. मग तिने इंजिन बंद केलं आणि आम्ही घरंगळत त्याच्यापाशी थांबलो.

गॉडफ्रेने पान्याने प्लग सैल केला आणि फडकं न घेताच बोटांनी उचलला. ज्ञानदाने घाईने फडकं पुढे केलं. प्लग त्यात पडला.

"काय रंग आहे, अंकल?"

"बोंबील," तो म्हणाला. आणि थांबला. सवयीने वाट बघत राहिला.

ज्ञानदाला काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं.

"शेंगदाणा," शेवटी गॉडफ्रेच म्हणाला, अगदी हळू. मग तो वाटेतच खाली बसला आणि रडू लागला.

"काय झालं, अंकल?"

"चटका बसला गं," तो म्हणाला.

रविवारी जितेश टेम्पो घेऊन आला आणि चहा पिऊन रिकामा परतला. त्यानंतर गॉडफ्रेने डबा घेतला, ज्ञानदा सांगेल तितकं तेल पेट्रोलमध्ये स्वतः ओतलं आणि डबा हलवत विचारलं, "एवढं बस?"

मित्रांनो, मला पुसून ठेवा, अधूनमधून चालू करा, एवढं तर कुठलीही जुनी गाडी मागेल. माझं मागणं थोडं वेगळं आहे. तुमच्या घरी जे काम एकच माणूस न बोलता करत असेल, ते तो समोर आहे तोवर त्याच्याकडून शिकून घ्या. आणि शिकताना त्याच्याशी थोडं भांडा.