तिच्या कॅमेऱ्यातला रोल

त्याने फिल्मचा रोल काउंटरवर ठेवला खरा, पण बोटं काही उचलली नाहीत.

"काका, सोडलात तर धुवायला घेईन," लॅबवाली हसून म्हणाली.

"बायकोचा आहे. जरा जपून." त्याने हात मागे घेतला.

तीस वर्षं ज्या लॅबला त्याने नावं ठेवली, तिथेच आज यावं लागलं होतं. लॅब म्हणजे लाँड्री, सगळ्यांचं एकाच पाण्यात, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. स्वतःची फिल्म मात्र दर रविवारी घरच्या बाथरूममध्ये, खिडकीला घोंगडी लावून, आतून कडी घालून धुवायचा. उजेड शिरेल म्हणून बायकोलाही आत मज्जाव. पण आता हात थरथरत. कालच सरावाला म्हणून एक जुना रोल अंधारात रिळावर चढवायला घेतला आणि त्याची पार वाट लावली. या रोलच्या बाबतीत ते चालणार नव्हतं.

त्यानेच कधीतरी हौसेने आणून दिलेला तिचा छोटा कॅमेरा कपाटात धूळ खात पडलाय, अशी त्याची समजूत होती. ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधला, तेव्हा ढग सापडले, पूल सापडले, पाणकोंबड्यासुद्धा सापडल्या. तिचा धड असा एकही फोटो निघाला नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली. मग कॅमेरा उघडला, तर आत हा रोल. कुणीतरी, एखाद्या मैत्रिणीने, भाचीने, तिच्या हातून कॅमेरा घेऊन एकदा तरी तिचा फोटो काढला असेल, एवढीच आशा उरली होती.

"तासभर लागेल. बसा ना."

तो बसला. घरी तरी कोण वाट बघत होतं?

फिल्म वाळून आली. निगेटिव्ह वाचायला त्याला प्रिंट लागत नसे. पट्टी दोन्ही हातांनी धरून त्याने ट्यूबलाइटसमोर उंच केली.

पहिल्या फ्रेममध्ये बाथरूमच्या उघड्या दारात एक माणूस उभा होता. निगेटिव्हवर केस काळेभोर, म्हणजे खरे पांढरे. बाह्या दुमडलेल्या, मान वर, हातात ओली फिल्म. स्वतःला ओळखायला त्याला क्षणभर लागला. दुसरीतही तोच. तिसरीत शर्ट निराळा, दार तेच. किती रविवार ती दारासमोर ताटकळली असेल, आणि याच्या कानावर कॅमेऱ्याची साधी टिकही आली नव्हती.

"काकू छान आल्यात का?" लॅबवालीने विचारलं.

"ती नाही. सगळे माझेच आहेत."

"अय्या! भारीच कौतुक दिसतंय काकूंना तुमचं."

कॅमेऱ्यामागे बायको हातभर अंतरावर उभी होती आणि तो फिल्मकडे बघत होता. विसावीतही. तिसावीतही. तिचा फोटो शोधायचं तो कधीच विसरला होता. एका तरी फ्रेममध्ये आपण तिच्याकडे पाहिलं असेल, म्हणून तो पट्टी पुढे सरकवत राहिला. छत्तीस संपल्या, तेव्हा त्याने पुन्हा पहिलीपासून बघायला सुरुवात केली.