एवढंचबाईंचं हेल्मेट

ऑफिसात माझं एक नाव तोंडावरचं आणि एक पाठीमागचं. तोंडावर मॅडम, आणि पाठ वळली की एवढंचबाई. हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि कळल्यावर मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. पण खरं सांगायचं तर खोटं काय होतं त्यात? रोज सकाळी मी प्रोग्रामर लोकांच्या टेबलाशी जाऊन उभी राहायचे आणि म्हणायचे, हे बटण इकडून तिकडे न्यायचंय, एवढंच. मग ते सहाजण माझ्याकडे असे बघायचे, जशी काही मी अख्खी इमारत उचलून पलीकडच्या गल्लीत ठेवायला सांगितलीय.

मी प्रॉडक्ट मॅनेजर. म्हणजे अ‍ॅपमध्ये काय हवं ते मी ठरवायचं आणि बनवायचं दुसऱ्यांनी. आमचं अ‍ॅप दातांच्या दवाखान्यांचं. पेशंटनं घरबसल्या वेळ घ्यायची, आदल्या दिवशी आठवण येते, जमत नसेल तर एक बटण दाबून वेळ रद्द करायची. चाळीस दवाखाने चालवणाऱ्या एक मोठ्या डॉक्टरीणबाई आमच्या सगळ्यांत मोठ्या ग्राहक. त्या आहेत म्हणून आमची टीम आहे.

आमच्या टीममध्ये एक रिवाज आहे. ज्याच्या हातून चालू अ‍ॅप बिघडेल त्यानं दिवस मावळेपर्यंत एक पिवळं हेल्मेट डोक्यावर घालून फिरायचं, इमारतींच्या कामावर घालतात तसलं. जेवायला जाताना, जिना चढताना, सगळीकडे. सगळ्यांच्या डोक्यावर ते कधी ना कधी बसलंय. माझ्या कधीच नाही. मी कोडला हातच लावत नव्हते तर बिघडवणार काय? मी त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करायचे.

मग एकदा खडूसची सटकली. खडूस म्हणजे आमचा सगळ्यांत जुना प्रोग्रामर. त्याला हे नाव तोंडावरच घेतलेलं चालतं, किंबहुना आवडतं. मी बहुतेक शंभराव्यांदा 'एवढंच' म्हटलं असेल. तो खुर्चीतून उठला, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "बसा. तुम्हीच करा."

मला राग लवकर येतो आणि रागात मी भलतंच कबूल करून बसते. म्हटलं, करते की. मला काय धाड भरलीय?

झालं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठ वाजता, ऑफिस भरायच्या आत, मी त्याच्या शेजारी. पहिल्या आठवड्यात एका बटणाचा रंग बदलायला मला चार दिवस लागले आणि त्यात तीन जागी दुसरंच काहीतरी मोडलं.  खडूस नुसता कॉफी पीत बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

घरीही माझं सुरूच. पडद्यांची रचना कशी करतात ते शिकायला मी फोनएवढे कागद कापायचे, त्यावर बटणं काढायचे आणि सासूबाईंना म्हणायचे, हा फोन समजा आणि वेळ घेऊन दाखवा. सासूबाई हौसेनं बसायच्या. फोन निसटेल या धास्तीनं त्या तो दोन्ही हातांनी गच्च धरतात, कागदही तसाच धरायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, तुमचा डावा अंगठा माझ्या बटणावर येतोय, काढा बघू. त्या म्हणाल्या, "मग धरू कशानं?" मी कपाळाला हात लावला आणि बटण पुन्हा काढून दाखवलं. त्यांनी काय सांगितलं ते माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

असे पाच महिने गेले. तेवढ्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या डॉक्टरीणबाई अ‍ॅप सोडायच्या विचारात होत्या. त्यांचे पेशंट वेळ रद्द करतात आणि तरी दुसऱ्या दिवशी दारात हजर. खुर्ची दुसऱ्याला दिलेली, मग दोघांची जुंपते. गुरुवारी दुपारी चारला त्या येणार होत्या, शेवटचं बोलायला. त्या गेल्या तर टीम मोडायची, प्रोग्रामर इकडे तिकडे वाटून टाकायचे आणि मला अहवाल लिहिणाऱ्या विभागात बसवायचं, असं ठरलेलंच होतं. साहेब हे सगळं इतक्या गोड आवाजात सांगत होते की मला जास्तच घाबरायला झालं. बाहेर येऊन मी त्या सहाजणांकडे बघितलं. कितीही भांडले तरी ती माझी माणसं होती.

गुरुवार उजाडला. त्या सकाळी माझा पहिला खराखुरा बदल अ‍ॅपमध्ये जायचा होता. आठवणीच्या पट्टीचा रंग, बाकी काही नाही. नेहमी खडूस तपासतो आणि मगच सोडतो, पण साहेबांनी त्याला चारच्या तयारीसाठी ओढून नेलं. मी म्हटलं, रंगच तर आहे, एवढंच. आणि सोडून मोकळी झाले.

रंगाबरोबर माझी सरावाची गंमतही गेली. सराव म्हणून मी एक चौकट बनवली होती. कुणी वेळ रद्द केली की पडदाभर अक्षरं यायची, "अगं बाई! खरंच येणार नाही? डॉक्टर वाट बघत बसतील हो." खाली दोन बटणं, एक "येणार, येणार!" आणि दुसरं "नाही जमत". ही माझ्यापुरती होती. आता ती चाळीस दवाखान्यांच्या पेशंटांना दिसत होती.

साडेबाराला आमची फोन घेणारी मुलगी पोट धरून हसत आली. एका निवृत्त गृहस्थांनी फोन करून निरोप दिला होता, त्या बाईंना सांगा मी येतोय, रुसू नका म्हणावं. कोणत्या बाई ते तिला कळेना. मला कळलं आणि मी धावत खडूसला बोलवायला गेले. नेमका आजचाच मुहूर्त सापडला होता मला.

खडूस आला. त्यानं पडदा बघितला, कपाटातून हेल्मेट काढलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. पाचजण टाळ्या वाजवत होते. मग तो ती चौकट काढून टाकायला बसला.

मी म्हटलं, थांबा. आधी आकडे बघू. कुठली नोंद कुठं सापडते ते आता मला माहीत होतं, पूर्वी मी कुणाला तरी अहवाल मागितला असता आणि तो सोमवारी आला असता. सकाळपासून एकशे अठरा जणांनी रद्दचं बटण दाबलं होतं. त्यातल्या सत्त्याण्णव जणांनी लगेच "येणार, येणार!" दाबलं होतं.

म्हणजे त्यांना रद्द करायचंच नव्हतं! मग दाबलं कशाला? आमचं रद्दचं बटण खाली डाव्या कोपऱ्यात. मी शेजारचा फोन उचलून सासूबाईंसारखा दोन्ही हातांनी धरला. अंगठा बरोब्बर त्यावर. मग धरू कशानं, असं त्या बिचाऱ्या मला विचारत होत्या आणि मी त्यांनाच शिकवत होते. लाज वाटली हो, मनापासून लाज वाटली. आणि त्याच वेळी आनंदानं नाचावंसंही वाटत होतं.

चौकट संध्याकाळपर्यंत राहू द्या, असं मी खडूसला सांगितलं. तो कधी नव्हे तो वाद न घालता कबूल झाला. वर म्हणाला, मीटिंगपुरतं हेल्मेट काढलंत तरी चालेल.

मी विचारलं, "तुम्ही काढलं होतं कधी?"

"नाही."

"मग मीही नाही काढत."

चार वाजता मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. मला बघून त्यांच्या भुवया जरा वर गेल्या. साहेब टेबलाखालून हातानं खुणा करत होते, काढा ते, काढा. मी तिकडे बघितलंच नाही. हेल्मेट कशाबद्दल ते मी आधीच सांगून टाकलं. मग त्यांच्या नावावर नमुन्याची एक वेळ टाकली आणि म्हटलं, तुमचा फोन जरा दोन्ही हातांनी धरा, हातातून सुटेल अशी भीती वाटते तेव्हा धरतो तसा. त्यांनी धरला आणि अंगठा बरोब्बर रद्दच्या बटणावर टेकला. पडद्यावर अक्षरं आली, अगं बाई! डॉक्टरीणबाई आधी दचकल्या आणि मग इतक्या खळखळून हसल्या की साहेबांचा जीव भांड्यात पडला.

पण मला पुढचंही बोलायचं होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमचं अ‍ॅप वेळ रद्द करण्याआधी, नक्की रद्द करायची ना, असं एकदा विचारत होतं. ते मी काढायला लावलं होतं. एक टिचकी वाचेल, एवढंच, असं म्हणून. खडूसनं विरोध केला होता आणि मी त्याला गप्प केलं होतं. हेही सांगितलं. तुमच्या दवाखान्यांत जी भांडणं झाली ती माझ्यामुळे, असं स्वच्छ शब्दांत.

 डॉक्टरीणबाईंनी फोन टेबलावर ठेवला.

"दुरुस्तीला किती वेळ लागेल?"

माझे सहाजण माझ्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं, उद्या, आणि ते निस्तरताना त्यांच्या नाकी नऊ आले होते.

"एक आठवडा," मी म्हटलं. "पुढच्या गुरुवारी मिळेल, त्याआधी नाही."

"एक बटण हलवायला आठवडा?"

हो, म्हटलं, आणि का ते सांगते. फळ्याशी जाऊन फोनचे चौकोन काढले, लहान, मोठा, जुना. बटण वर नेलं की आठवणीची पट्टी कुठं ढकलली जाते ते दाखवलं. मोठी अक्षरं लावणाऱ्यांच्या फोनवर ते पुन्हा कसं खाली येतं तेही. कोणत्या दिवशी काय करू आणि कोणत्या दिवशी खऱ्याखुऱ्या आजी-आजोबांच्या हातात देऊन बघू ते सांगितलं. बोलता बोलता हेल्मेट सारखं डोळ्यांवर येत होतं आणि मी ते मागे सारत होते. खडूसच्या हातातलं पेन खाली पडलं. तो उचलायलाही वाकला नाही.

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. म्हणाल्या, दोन वर्षांत मला इथं पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं. आम्ही राहतो. तुमची ती चौकटही राहू द्या, आमच्या पेशंटांना कुणी एवढ्या मायेनं बोलवत नाही.

साहेब त्यांना दारापर्यंत सोडून परत आले ते हसतच. पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या दवाखान्यांचं नवं अ‍ॅप सुरू होतंय, ते तुम्हीच सांभाळा, म्हणाले, पण तिथल्या पहिल्या मीटिंगला डोक्यावर काही नको. मी म्हटलं, तसं वचन देता येत नाही. आणि सासूबाईंना फोन करून सांगितलं की तुमच्या अंगठ्यानं आज सात माणसांची टीम वाचवली. त्यांना काही कळलं नाही, पण फार बरं वाटलं.

दिवस मावळला तसं मी हेल्मेट काढून खडूससमोर ठेवलं. त्यानं ते उलटं केलं. आत नावं लिहिलेली होती, मार्करनं, वर्षानुवर्षांची. मी ते कधी आतून बघितलंच नव्हतं. खडूसचं नाव नऊ वेळा होतं.

त्यानं खिशातून मार्कर काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, उद्या आठला या, बटण तुम्हीच हलवायचंय. सगळे भोवती येऊन उभे राहिले. मी क्षणभर विचार केला आणि त्यांच्या नावांखाली, अगदी ठळक अक्षरांत, 'एवढंचबाई' असं लिहिलं.