डब्याला लावलेला भंडारा

मित्रांनो, मी एक जुना, पत्र्याचा, चौकोनी डबा आहे. माझा उमेदीचा काळ पिरंगुटच्या एका बेकरीत गेला. माझ्या पोटात खारी आणि टोस्ट असायचे. सकाळी कंपनीत निघालेली माणसं चहाचा पेला हातात घेऊन आधी माझ्याकडे बघत आणि मग मालकाकडे. माझ्या अंगावर लाल रंगात काहीतरी लिहिलेलं होतं. काय, ते मला ठाऊक नव्हतं. डब्याला वाचता येत नाही, आणि आलं असतं तरी स्वतःच्या पोटावरचं स्वतःला दिसतं कुठे?

पुढे प्लास्टिकच्या बरण्या आल्या. माझ्या तळाला गंज धरला आणि माझी रवानगी मागच्या दारी झाली. तिथून मला उचललं ते उत्कर्षाने.

उत्कर्षा टेपवाडीची. ही डोंगरावरची, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या धनगरांची वाडी. घरातली पहिली पदवीधर ती. एका संस्थेत नोकरीला लागून ती पिरंगुटला राहत होती, आणि त्या संस्थेचं काम ऐकून मला आधी हसूच आलं. वाड्यांमधली तिसरी-चौथीतली पुष्कळ मुलं साधा शब्द वाचत नव्हती. संस्थेकडे त्यावर एक उपाय होता. रोज एक तास इयत्ता विसरायची, आणि ज्याला जेवढं वाचता येतं त्याप्रमाणे मुलांना बसवून शिकवायचं. उपाय चांगला दिसत होता. पण दिसणं वेगळं आणि असणं वेगळं, हे वरून चकचकीत आणि तळाला गंजलेल्या डब्याने तुम्हाला काय सांगावं!

म्हणून त्यांनी चोवीस वाड्या घेतल्या. शिकवणारी माणसं होती बारा वाड्यांपुरतीच. बारा वाड्यांना वर्ग यंदा मिळणार, बाकीच्या बारांना पुढच्या वर्षी. वर्षअखेरीस दोन्हीकडची मुलं वाचायला बसवून फरक बघायचा. कुठल्या वाड्या आधी, हे ना साहेब ठरवणार, ना पुढारी. चिठ्ठ्या ठरवणार, आणि त्या चिठ्ठ्या माझ्या पोटातून निघणार! खारीनंतर एवढा मान मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पौडला सगळ्या वाड्यांची माणसं जमली. चिठ्ठ्या काढायला सर्वांत वयस्कर माणूस म्हणून पुढे केलं म्हसूआबांना, म्हणजे उत्कर्षाच्याच आजोबांना. टेपवाडीत देवाला कौल लावायचा मान आबांचा. देवाच्या दगडाला दोन कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आबांनी सवयीने कनवटीचा भंडारा काढला, माझ्या झाकणाला लावला, हात जोडले आणि मगच आत हात घातला. संस्थेच्या प्रमुख साधनाताई कौतुकाने हसल्या. कुणी त्यांना थांबवलं नाही. चूक झाली ती तिथेच, आणि तिच्यात मीही सामील होतो. मला भंडारा आवडला होता.

बारा चिठ्ठ्या निघाल्या. टेपवाडीची निघाली नाही.

उत्कर्षाचा चेहरा उतरला, कारण तिची भाची आरोही टेपवाडीच्या शाळेत तिसरीत होती. पोर हुशार, पण अक्षरांपुढे अडायची. उत्कर्षाचा भाऊ जालिंदर आधीपासून म्हणत होता, वाचता येत नसेल तर शाळेत वेळ कशाला घालवायचा? तरी उत्कर्षाने निघालेली नावं तशीच लिहून घेतली. चिठ्ठी ती चिठ्ठी.

नंतर माझ्या पोटात मुलांचं वाचन तपासायची कार्डं आली. एकावर अक्षरं, एकावर शब्द, एकावर छोटी गोष्ट. उत्कर्षा मला काखेत मारून वाड्या पालथ्या घालू लागली. भर पावसात, निसरड्या पायवाटेने. स्वतः भिजायची, पण मला प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायची. दुपारी झाडाखाली भाकरी खाताना आधी कार्डं कोरडी आहेत ना ते बघायची. मुलाला वाचता आलं नाही तर कपाळाला आठी नाही, की हळूच सांगणं नाही. जे दिसलं ते लिहायचं. एवढ्या सचोटीचं माणूस मी बेकरीत पाहिलं नव्हतं.

सप्टेंबरात आम्ही टेपवाडीच्या शाळेत गेलो, तर पटावर अकरा मुलं आणि हजर चारच. आरोही नव्हती. उत्कर्षा तडक घरी गेली. अंगणात जालिंदर शेळीच्या खुरातला काटा काढत होता.

"दादा, आरोही कुटं हाय?"

"शेरडामागं. आबांनीच सांगितलंय वाडीत. देवानं डावा कौल दिला. देवच न्हाई म्हंतोय, तर पोरं शाळंत बसवून काय करायचं?"

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या भंडाऱ्याने मी फुगलो होतो, त्याच भंडाऱ्याने सात पोरांना शाळेतून काढलं होतं.

उत्कर्षा ओरडली नाही. ओसरीवर आबा बसले होते, त्यांच्यापुढे तिने मला ठेवलं. कार्डं बाहेर काढली, चोवीस चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या आणि आत टाकल्या. "आबा, त्या दिशी काढल्या तशा बारा काढा."

आबांनी काढल्या. तिसरीच चिठ्ठी टेपवाडीची! जालिंदर उडालाच. "फिरला! कौल फिरला!"

"थांब दादा. आबा, परत काढा." दुसऱ्या वेळी टेपवाडी आली नाही. तिसऱ्या वेळी आली, पार शेवटी. चौथ्या वेळी पुन्हा नाही.

"आबा, आपला देव असा घडीघडी शब्द फिरवतो व्हय?"

"न्हाई. एकदा बोलला की बोलला."

"मग ह्यो कोन बोलतोय?"

आबांनी मला जवळ ओढलं. मग त्यांनी उपरण्याच्या टोकाने माझं झाकण पुसलं. "ह्येच्यात देव न्हाई गं उत्कर्षे. मीच उगा भंडारा लावला." मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हायसंही वाटलं. देवपण पत्र्याला झेपत नाही.

जालिंदर मात्र उसळला. "देव न्हाई तर मग ह्यो खेळ कशापायी? द्यायचं तर समद्यास्नी द्या, न्हाईतर कुणालाच नगं."

"शिकवनारी मानसंच बारा जागी पुरत्यात, दादा. अन् आबा, शेळ्यांच्या तोंडाला फोड आलं तवा काय केलंतं आपन?"

"बाजारातनं औषिद आनलं. समद्यास्नी पाजलं."

"गुन आला?"

"आला की. पर त्याच हप्त्यात ऊन बी पडलं." आबा थांबले. "औषिदानं गेलं का उनानं, ते आजवर कळलं न्हाई. निम्म्यास्नीच पाजलं असतं, तर कळलं असतं."

"कंच्या निम्म्यास्नी पाजलं असतं?"

आबा मिशीत हसले. "धडधाकट बघून, आनि काय! अन् मग म्हनलो असतो, औषिद लई भारी."

"म्हून चिठ्ठ्या," उत्कर्षा म्हणाली.

जालिंदरने मान खाली घातली. "पर माझी पोर मागं राह्यली ना?"

"माझी बी भाचीच हाय ती." उत्कर्षाने कार्डं उचलून दाखवली. "रोज ही कार्डं घिऊन फिरते. एक कार्ड हळूच तिच्या हातात द्यावं, असं मला वाटलं नसंल का? पर आपलीच वाडी म्हून मी लबाडी केली, तर चोवीस वाड्यांची मेहनत मातीत. पुढल्या साली वर्ग हितं येतोय, शब्द हाय माझा. तवर तिला शाळंतनं काढू नगंस. येवढंच मागते."

आबा उठले. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली. "उद्यापासनं शेरडं माझ्याकडं. पोरगी शाळंत. अन् बाकीच्या घरी मीच सांगतो. चूक माझी हाय."

उत्कर्षाने हे सगळं अहवालात लिहिलं. आमच्या हातून चिठ्ठ्यांना कौलाचं रूप आलं, सात मुलं सात आठवडे घरी राहिली, टेपवाडीचे आकडे वाचताना हे ध्यानात घ्यावं. लिहिताना तिला वाटलं, नोकरी जाते की काय. साधनाताईंनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "मी तिथे हसले होते, तेही लिही." अशी माणसं असतात, मित्रांनो. स्वतःची चूकही ती हिशेबातून वगळत नाहीत.

वर्ष सरलं. वर्ग मिळालेल्या वाड्यांत दहांतली सहा मुलं गोष्ट वाचू लागली होती, बाकीच्या वाड्यांत तीनच. आता उपाय चांगला दिसतही होता आणि होताही. जूनमध्ये ठरल्याप्रमाणे वर्ग टेपवाडीत आला. आरोही चौथीत गेली होती.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो. आरोहीने अक्षरांचं कार्ड वाचलं, शब्दांचं वाचलं, गोष्टीचं तर न थांबता वाचलं. जालिंदर दाराशी उभा होता. कार्डं संपली, पण पोरीची हौस भागली नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं, मला उचलून मांडीवर घेतलं आणि बोटाने माझ्या लाल अक्षरांवरची धूळ पुसली.

"खारी. टोस्ट. झाकण... घट्ट लावावे. रिकामा डबा... परत आणावा."

इतकी वर्षं मी ते अंगावर वागवलं होतं, आणि त्या दिवशी मला कळलं माझ्यावर काय लिहिलंय. जालिंदर आत आला, लेकीपुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "पुन्यांदा वाच."

तिने वाचलं. उत्कर्षा डोळे पुसत हसली. "परत आनावा म्हंतोय. देऊन टाकायचा का बेकरीला?"

आरोहीने मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "न्हाई आत्या. अजून किती वाड्या ऱ्हायल्यात!"

तर मित्रांनो, मी अजून कामावर आहे. तळाला रंग मिळाला तर बरं होईल, पण मागणं ते नाही. मागणं इतकंच, की कुणाची चिठ्ठी उशिरा निघाली तर त्याला नशीब म्हणून हात झटकू नका. शाळेतली त्याची जागा तेवढी राखून ठेवा.