मध्यावरचा आडवा पाइप

शहाण्णवच्या चैत्रात हरणीतल्या आमच्या सोसायटीत कीर्तनसप्ताह होता. जागा अपुरी, म्हणून बायकांसाठी लोखंडी पाइपांवर चांगला दहा फूट उंच माळा उभारला होता. मी माळ्याखाली बसणारा. पण उभ्या पाइपांना मध्यावर जोडणारा आडवा पाइप नेमका बुवांच्या तोंडावर यायचा. बुवांची मुद्रा दिसली नाही तर कीर्तन ते कसलं? तिसऱ्या दिवशी दुपारी मी तो मंडपवाल्याकडून सोडवून घेतलाच.

"काका, रहेवा दो ने!" राहू द्या म्हणून तो गुजरातीत विनवत होता.

"अरे, वजन उभे पाइप घेतात. हा नुसता आड येतो."

संध्याकाळी पूर्वरंग छान रंगला होता. इंजिनिअरिंग शिकणारी माझी पुतणी मोहना कानाशी लागली. "काका, तो खांब बघा."

झेंडूच्या माळेआड पाइप धनुष्यासारखा वाकला होता. वर साठेक बायका, त्यांत माझी बायको लीला.

"गंजलाय का गं?"

"नाही हो. बारीक आहे आणि उंच." तिने तबकातली उदबत्ती उभी धरून वरून बोट दाबलं. लगेच वाकली. मग मध्यावर चिमटीत धरून दाबली, तर ताठ राहिली. "मध्ये धरलं की चौपट पेलतो. तुम्ही तेच काढलंत! आत्ता बायका शांत बसल्यात. गजरात टाळ्या वाजवत डोलायला लागल्या तर?"

गजर तर आता होणारच होता. आणि ओरडून सांगावं, तर जिन्यावर चेंगराचेंगरी. मी धडपडत बुवांपाशी गेलो, कानात सांगितलं. बुवांनी चाल मोडली नाही. त्याच सुरात गायले, "वरच्या मायबहिणींनो, आज आधी बुक्का, मग गजर! एकेक करून या, हलक्या पावलांनी!"

आल्या. लीला सगळ्यांत शेवटी, गुडघा धरत. ती उतरली आणि पाइप आपोआप सरळ झाला, जणू काही घडलंच नव्हतं.

"सरळ होण्याइतकाच वाकला होता, काका," मोहना म्हणाली. "आणखी वाकला असता तर..."

मी रामाला हात जोडले, मग या पोरीला. ती लाजली. "काका, काय हे!"

आडवा पाइप पुन्हा बांधला. मोहनाने दोनदा ओढून पाहिला. तरी त्या दिवशी बायका खालीच दाटीवाटीने बसल्या. लीला माझ्याशेजारी टेकली.

"दिसतात का हो बुवा?"

"गळ्यापर्यंत."

"आणि तोंड?"

"ऐकू येतंय की," मी म्हणालो आणि टाळी धरली.