पोलीचं शेवटचं अक्षर

पास्खालिसने मंगळवारी मिशा रंगवल्या आणि एव्हान्थियाच्या मनात पाल चुकचुकली.

तीस वर्षांच्या संसारात या माणसाने आरशात निरखून पाहिलं असेल तर ते दाढी करताना कापलं म्हणून. ग्रीसमधल्या कावालाच्या बंदरात मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा तो. नखांतलं काळं त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसतं. असा माणूस न्हाणीघरातून बाहेर आला तो बुटाला पॉलिश करावं तशा काळ्याभोर मिशा घेऊन.

"हे काय?" तिने विचारलं.

"काय?"

"तोंडावर."

"मिशा. तीस वर्षं आहेत. आज दिसल्या होय तुला?" असं म्हणून तो शीळ वाजवत जिना उतरून गेला. शीळही नवीनच होती.

एव्हान्थिया घरी बसून पडदे शिवायची. निम्म्या गावाच्या खिडक्या तिच्या हातच्या पडद्यांनी झाकल्या होत्या, आणि पडद्यांमागे काय चालतं हे मापं घ्यायला गेल्यावर तिने पुष्कळ पाहिलं होतं. तेव्हा तिला नवऱ्यांची शीळ ओळखू येत होती. फक्त स्वतःच्या नवऱ्याची ऐकायची सवय नव्हती.

गुरुवारी दुपारी ती बाल्कनीत एका लांबलचक पडद्याला हुक लावत बसली होती. पास्खालिसला वाटलं, ती खाली भाजीवाल्याकडे गेली. स्वयंपाकघरात तो फोनवर बोलत होता, आणि इंजिनांच्या आवाजात आयुष्य गेलेला माणूस हळू बोलायला लागला तरी ते चार घरांत ऐकू जातं.

"शुक्रवारी सकाळी निघायचं, रविवारी संध्याकाळी परत. दोन रात्री... हो रे, डबल बेड. आता या वयात काय वेगवेगळे पलंग घेऊ?" तो हसला. मग आवाज आणखी खाली आणला. "इग्नातियोस, तुला म्हणून सांगतो, पोरसवदा होतो तेव्हापासून माझ्या मनात पोली आहे. पोलीशिवाय मेलो तर डोळे मिटायचे नाहीत माझे... छे छे, एव्हान्थियाला पत्ता नाही. पोलीचं नाव काढलेलं चालत नाही तिला. तू तोंड बंद ठेव म्हणजे झालं."

पडद्यामागे एव्हान्थियाच्या बोटात हुक घुसला. तिने बोट पटकन तोंडात घातलं. रक्त मात्र पडद्यावर पडलं, आणि पडदा पाद्रीबाबांच्या घरचा होता, पांढरा.

गावात पोली एकच होती. पोलिक्सेनी हे तिचं पूर्ण नाव, पण तसं तिला फक्त करवसुलीवाले म्हणायचे. जुन्या जकातनाक्यामागे तिचं सुया, दोरे, बटणं, लेस असल्या सामानाचं दुकान होतं. सात वर्षांपूर्वी नवरा गेला. पहिलं वर्ष काळ्या कपड्यांत काढलं, मग एक दिवस ती लाल कोट घालून दुकानात आली आणि गावाला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. बायकांच्या मंडळाची ती सचिव होती, हसली की पलीकडच्या गल्लीत कळायचं. एव्हान्थिया वीस वर्षं तिच्याचकडून हुक आणि दोरे घेत आली होती. आणि चालत नाही कसं? चांगली चालत होती. त्या गुरुवारपर्यंत.

रात्रीच्या जेवणात तिने सार्डिन वाढले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "पुढच्या शनिवारी काय करायचं?"

पास्खालिसने काटा गिळला. खोकला. "बरं झालं विषय काढलास. शुक्रवारी मला कोमोतिनीला जायचंय. इंजिनाचा एक भाग मिळतोय. तूही चल की. हवापालट होईल."

"मी?"

"का? तू काय गुन्हा केलाय?"

हे तर तिच्या हिशेबात बसेनाच. बाई घेऊन पळणारा माणूस बायकोला बरोबर चल म्हणतो? म्हणतो, तिने स्वतःलाच उत्तर दिलं. ती नाही म्हणणार अशी खात्री असते तेव्हाच म्हणतो. फेब्रुवारीत इंजिनाचा भाग बघायला कोण बाई येते?

"बघते," ती म्हणाली. "पडदे आहेत हातात."

तो नाराज झाल्यासारखा दिसला. उत्तम नाटक, असं तिला वाटलं.

शनिवारी कपडे धुताना त्याच्या सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी सापडली. पास्खालिस सहावीत शाळा सोडून बापाबरोबर बोटीवर गेलेला, त्यामुळे लिहायचा तो मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर ठोकून बसवल्यासारखं. "पोली. शुक्र. ६. जुना जकातनाका." आमच्या ग्रीक भाषेत 'ई' हा आवाज एकच, पण तो लिहायच्या तऱ्हा पाच-सहा. चिठ्ठीतल्या पोलीच्या शेवटी बेचकीसारखं दोन फांद्यांचं अक्षर होतं, आणि दुकानाच्या पाटीवर पोलिक्सेनी स्वतःचं नाव लिहायची तेही बेचकीनेच. फोनवर बोललेलं माणूस चुकीचं ऐकू शकतं. कागदाचं काय करायचं?

तिने चिठ्ठी वाळवली आणि स्वतःच्या शिवणाच्या डब्यात ठेवली.

रविवारी नणंद आली. झाखारो म्हणजे साखर. नाव ठेवताना आईबापांनी फार घाई केली होती असं एव्हान्थियाचं मत होतं.

"वहिनी, माझा सख्खा भाऊ आहे म्हणून गप्प बसणार होते," झाखारो कॉफीचा कप हातात यायच्या आधीच म्हणाली, "पण तो परवा पोलीच्या दुकानातून निघताना दिसला. इंजिनाला लेस लावतात का हल्ली?"

"बटणं हवी असतील."

"बटणं तू लावतेस. आणि मिशा बघितल्यास का त्याच्या? आमच्या बाबांनी मेल्यावरसुद्धा रंगवल्या नव्हत्या."

"मेल्यावर कोण रंगवतं, झाखारो?"

"तेच म्हणते मी. जिवंत माणूस कुणासाठी तरी रंगवतो."

ती गेल्यावर एव्हान्थियाने कपाटाचा खालचा खण उघडला. घराची कागदपत्रं, लग्नाचा दाखला, आईची जपमाळ, सगळं जागच्या जागी. फक्त तिचं ओळखपत्र नव्हतं. त्याचंही नव्हतं.

तिथेच, जमिनीवर, ती बसून राहिली. ओळखपत्रं लागतात कुठे? वकिलाकडे. घर नावावर करायला, नावावरून काढायला. घटस्फोटाला. हे घर तिच्या आईचं होतं. आईने इथे आल्यावर माशांच्या कारखान्यात डबे भरून भरून बांधलेलं. आईला पास्खालिस कधीच आवडला नाही. "या माणसावर डोळा ठेव," ती मरेपर्यंत म्हणायची, आणि दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा त्याच माणसाने तिला खांदा दिला होता, रडलाही होता. एव्हान्थियाला आता तीस वर्षांतलं एकेक आठवायला लागलं, आणि प्रत्येक आठवण उलटी करून ती तिची शिवण बघायला लागली. कुठून उसवलं?

सोमवार, मंगळवार ती दोऱ्यासाठी दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेली. तिथला दोरा धुतल्यावर रंग सोडायचा, पण पोलीचं दार बघायची तिची तयारी नव्हती. बुधवारी तिला स्वतःचाच राग आला. घर आपलं, नवरा आपला आणि लपूनछपून आपण चालायचं? तिने चांगला कोट घातला, ओठांना रंग लावला, चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि जकातनाक्यामागे गेली. वाटेत तिने वाक्य पाठ केलं. आवाज चढवायचा नाही. रडायचं तर मुळीच नाही.

दार ढकललं. घंटी वाजली. पोली लाल कोटातच गल्ल्यामागे बसली होती.

"अगं, आहेस कुठे तू? दोन आठवडे!"

"माझा नवरा इथे किती वेळा आला?" एव्हान्थियाचं पाठ केलेलं वाक्य हे नव्हतं, पण तोंडातून हेच आलं.

पोलीचा चेहरा पडला. "म्हणजे कळलं तुला?"

"कळलं."

"अरे देवा. त्याला सांगितलं होतं मी, बायकोपासून असलं काही लपत नाही." पोलीने दोन्ही हात गल्ल्यावर ठेवले. "चार वेळा आला. एकदा नावं द्यायला, एकदा ओळखपत्रं द्यायला. मग खिडकीची जागा हवी म्हणून. मग म्हणे, ड्रायव्हरच्या मागची नको, तिला बसमध्ये मळमळतं. बाई गं, आपल्या मंडळाची चाळीस जणांची बस आहे आणि एकट्या तुझ्या नवऱ्याने माझं डोकं खाल्लं."

"बस?"

"मग काय पोहत जाणार?"

पोलीने दाराकडे बोट दाखवलं. एव्हान्थियाने मागे वळून पाहिलं. काचेवर आतून-बाहेरून वाचता येईल असा जाहिरातीचा कागद चिकटवला होता, दहा-बारा दिवस झाले असतील. गावातल्या प्रत्येक बाईने तो वाचला असणार. शुक्रवार ते रविवार. दोन रात्री. निघण्याची वेळ सकाळी सहा, जुना जकातनाका. आणि वर हातभर मोठ्या अक्षरांत: पोली.

शेवटी बेचकी नव्हती. एका पायरीच्या शिडीसारखं अक्षर होतं.

शिडीवालं पोली म्हणजे शहर. जगात शहरं कितीही असोत, आमच्या माणसांनी नुसतं शहर म्हटलं की ते एकच. बाकीचे लोक त्याला इस्तंबूल म्हणतात. आणि सगळ्या गावाला हा शब्द ऐकून आधी तेच शहर आठवलं असतं, एका एव्हान्थियाला सोडून. कारण तिच्या घरात तो शब्दच नव्हता. तिची आई त्या शहरात जन्मली, वाढली, आणि विसाव्या वर्षी, तिथल्या सरकारने आपल्या ग्रीक माणसांना निघून जायला सांगितलं तेव्हा, वीस किलो सामान घेऊन निघाली. त्यानंतर ती त्या जागेला फक्त 'तिकडे' म्हणायची. तिकडे असा वारा नसतो. तिकडची वांगी वेगळी. आणि तिकडे पाहुणी म्हणून जाणारी माझी मुलगी नाही. लग्न झाल्यावर पास्खालिस एकदाच म्हणाला होता, जाऊया का दोन दिवस? एव्हान्थिया आठ दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. त्यानेही पुन्हा नाव काढलं नाही.

"बरं वाटत नाही का तुला?" पोलीने विचारलं. "बस. पाणी देते."

"हुक दे," एव्हान्थिया म्हणाली. "पितळी. चार डझन. आणि तुझ्याकडचा पांढरा दोरा."

"आणि शुक्रवारचं? तो म्हणतो, बसमध्ये बसवल्यावर सांगीन. मी म्हटलं, ती धावत्या बसमधून उडी मारेल."

"ओळखपत्रं राहू दे तुझ्याकडेच," एव्हान्थिया म्हणाली. दारापाशी थांबून तिने परत वळून पाहिलं. "कोट छान आहे. कधी सांगितलं नव्हतं."

संध्याकाळी पास्खालिस अंघोळीला गेला तेव्हा तिने डब्यातून चिठ्ठी काढली. निळा शिंप्याचा खडू घेतला. बेचकीवर काट मारली आणि शेजारी एका पायरीची शिडी काढली, ठळक. मग चिठ्ठी त्याच्या धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात घालून सदरा दाराला टांगला आणि कांदा चिरायला बसली. कांदा चिरण्याची त्या दिवशी गरज नव्हती.

तो सदरा घालून आला. सवयीने खिसा चाचपला. चिठ्ठी काढून उलगडली.

"मला कुठलं शुद्धलेखन येतंय?" तो दारातून म्हणाला.

"दिसलं ते."

"चिडलीस?"

"आठ दिवस होते चिडलेली. तुला कळलं नाही."

तो खुर्ची ओढून समोर बसला. चिठ्ठी त्याच्या बोटांत होती, खडूने अंगठा निळा झाला होता. "आई असेपर्यंत पुन्हा नाव काढलं नाही मी," तो म्हणाला. "पोरसवदा होतो तेव्हा मशिदी-बिशिदी बघायच्या होत्या, आता नाही. तुझी आई कुठल्या रस्त्यावरून शाळेत जायची तेवढं बघायचं. ती मरेपर्यंत मला नावं ठेवत होती, आणि ती कुठून आली हेच मला माहीत नाही. नाही म्हणालीस तर पोलीला सांगतो, जागा दुसऱ्या कुणाला दे."

एव्हान्थियाने सुरी खाली ठेवली. "आईला काय सांगू मी?"

"सांग, पास्खालिसने फसवून नेलं. लगेच पटेल तिला."

ती हसली, आणि हसता हसता कांद्याच्या नावाखाली जे व्हायचं होतं तेही झालं. मग तिने ॲप्रनच्या टोकाला डोळे पुसले.

"तिकडे थंडी असते फेब्रुवारीत," ती म्हणाली. "जाड मोजे घे. आणि एक सांग."

"काय?"

"मिशा कुणासाठी रंगवल्यास?"

पास्खालिसने ओठावरून हात फिरवला. निळ्या खडूचा पट्टा मिशीवर उमटला. "तिथे फोटो काढतात ना सगळे, पुलावर," तो म्हणाला. "तुझ्या शेजारी म्हातारा दिसायला नको होता मला."

तिने त्याच्याकडे नीट, मापं घेतात तसं, पाहिलं. खोटं बोलत असावा असं तिला अजूनही थोडंसं वाटलं. पण शुक्रवारी सकाळी सहाला बस सुटणार होती, आणि नजर ठेवायला ती शेजारीच बसणार होती, खिडकीपाशी.