डॉक्टरबाईंची वर्षभराची रजा

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. पण लहान मुलांच्या वॉर्डात मला या नावाने कोणी ओळखत नाही. तिथे मी 'सोंड'!

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी नळी काळीभोर आणि गुळगुळीत होती. एका शाळामास्तरांनी मला विकत घेतले आणि डॉक्टरकी शिकणाऱ्या आपल्या लेकीच्या गळ्यात घातले. तेव्हापासून मी बाईंचा. लेकरांना गार लागू नये म्हणून बाई मला आधी तळहातात धरून ऊब देत. "बाईंचा कान म्हणजे कान!" असे सगळे म्हणत, आणि ताठा मात्र मला चढे.

एकदा वॉर्डात एक मुलगी आली. तिचा आजार बरा होणारा नव्हता. बाई रोज मला तिच्या छातीला लावत आणि लगबगीने पुढच्या खाटेकडे वळत. तिला सांगण्यासारखे त्यांच्याजवळ काहीच नव्हते. एक दिवस ती म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्याशी बोलतच नाही." थोड्याच दिवसांत ती गेली. त्या दिवशी बाई मला गळ्यातून काढायलाही विसरल्या. घरी जेवायला तशाच बसल्या.

त्याच सुमारास विभागप्रमुख निवृत्त व्हायचे होते. त्यांची जागा बाईंनाच मिळणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरले होते. आणि बाईंनी मागितली वर्षभराची अभ्यासरजा! बऱ्या न होणाऱ्या मुलांची काळजी कशी घ्यायची, ते शिकण्यासाठी.

"अगं, वेडबिड लागलंय का?" प्रमुख म्हणाले. "परत येशील तेव्हा या खुर्चीत दुसरंच कोणी असेल."

"असू दे, सर. त्या पोरीशी बोलायला मला शब्द सापडले नाहीत. ते आधी शिकू दे."

नव्या रुग्णालयात पिकल्या केसांच्या बाई तरुण पोरापोरींच्या रांगेत बसल्या. चुकल्या, ओशाळल्या, पुन्हा शिकल्या. तिथे आधी मुलांचे दुखणे कमी करायचे, आईबापांचे ऐकायचे. मी आपला पिशवीत पडून. नळीला चिरा पडल्या. खरे सांगतो, मला फार एकटे वाटले.

बाई परतल्या तेव्हा प्रमुखाच्या खुर्चीत त्यांचाच विद्यार्थी होता. तो गडबडून उठला. "बाई, तुम्ही बसा ना!"

"अरे, ती जागा तुझी. बऱ्या न होणाऱ्या लेकरांसाठी मला वॉर्डातला खिडकीजवळचा कोपरा दे आणि एक स्टूल."

त्याने दोन्ही दिले. बढती मात्र पुन्हा चालून आली नाही. दारावरची त्याची पाटी दिसली की बाईंची पावले अजूनही क्षणभर रेंगाळतात.

परवा त्या कोपऱ्यातल्या मुलाने मला कानाला लावले आणि बाईंचेच हृदय ऐकले.

"किती जोरात वाजतंय! भीती वाटतेय तुम्हाला?"

"हो रे. थोडीशी."

"मग माझा हात धरा," तो म्हणाला. बाईंनी धरला.

मित्रांनो, माझी नळी झिजली आहे. बदलता आली तर बदला, पण मला फेकू नका. आणि तुमची काळजी घेणारे माणूस कधी म्हणाले, "मला थोडं शिकून येऊ दे," तर त्याला अडवू नका. आनंदाने जाऊ द्या.