लॉनमधला चरोटा

आमच्या सोसायटीत लॉन करायचं की नाही यावर दोन वर्षं बैठका झाल्या, आणि ज्या बाईने ते लॉन उगवून दाखवलं तिच्या नोकरीवर गदा आणायला एक कागद पुरला. लिफ्टशेजारी चिकटवलेला तो कागद मी वाचला तेव्हा माझ्या हातात दुधाच्या दोन पिशव्या होत्या. त्या मी तिथेच आपटल्या नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं.

कागदावर लिहिलं होतं की, माळीण सत्यभामा हिने नव्या लॉनमधून घरी न्यायला भाजी तोडताना गवत मुळासकट उपटलं, सबब तिला कामावर ठेवायचं की नाही याचा निर्णय रविवारी सकाळी होईल. खाली सेक्रेटरी शामरावांची सही. सही झोकदार होती.

मी एकतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत बियाणं तपासलं. कोणतं उगवेल, कोणतं नाही, कशात किती कचरा मिसळलाय, हेच पाहत माझे केस पांढरे झाले. म्हणून तेलीबांध्याच्या या सोसायटीत, दोन इमारतींच्या मधे बिल्डरने टाकलेल्या विटांच्या तुकड्यांवर हिरवळ करायची ठरली, तेव्हा तयार गवताच्या लाद्या आणू नका, बी पेरा, असा हट्ट मी धरला. हट्ट माझा आणि घाम सत्यभामाचा. बीरगांवहून रोज सकाळी शेअर ऑटोने येणारी ही बाई. तिचे सासरे कधीकाळी भंडाऱ्याकडून कारखान्याच्या नोकरीसाठी इकडे आले, तेव्हापासूनचं त्यांचं घर. तिने टोपल्यांनी दगड वेचले, शेणखत मिसळलं, आणि हरेलीच्या, म्हणजे आषाढ अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी दुबेचं, आपल्या हरळीचं, बी वाळूत कालवून फेकलं. वर धानाचा पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरला, म्हणजे पावसाने बी वाहून जाऊ नये आणि कबुतरांनी टिपू नये. कडेने दोरी बांधली. दहाव्या दिवशी पैरा उचलला तर खाली केसांसारखी बारीक हिरवी लव. सत्यभामाने तिला बोटसुद्धा लावलं नाही, नुसती वाकून बघत राहिली.

गवताबरोबर तणही आलं. ते येणारच. मोथा आला, आणि चरोटा तर असा आला की आम्ही त्याचंच बी पेरलं होतं असं वाटावं. चरोटा म्हणजे टाकळा. सत्यभामा त्याला तरोटा म्हणते आणि इथला सगळा छत्तीसगड त्याच्या कोवळ्या पानांची भाजी खातो. शामरावांनी तणनाशक मारायचा सल्ला दिला. मी सांगितलं, चार-पाच कापण्या होईपर्यंत औषधाचं नाव काढायचं नाही, कोवळं गवतही जळेल. उपटायचंही नाही, कारण तणाच्या मुळाबरोबर शेजारच्या गवताचं मूळ वर येतं. कात्रीने बुडाशी कापायचं, पुन्हा फुटलं की पुन्हा कापायचं.

हे सत्यभामाने कसं केलं ते सांगते. माझ्या सासूबाईंचे जेवणाचे दोन जुने पाट मी तिला दिले होते. एका पाटावर ती बसायची, दुसरा पुढे ठेवायची, समोरचं तण कापून झालं की त्या पाटावर सरकायची आणि मागचा उचलून पुढे घ्यायची. महिनाभर तिचं पाऊल गवतावर पडलं नाही. कापलेला चरोटा पिशवीत घालून ती घरी न्यायची, मला विचारून. आणि ही बाई म्हणे गवत उपटते!

नुकसान झालं होतं हे मात्र खरं. शुक्रवारी सकाळी कागद वाचून मी तडक खाली गेले. पहिली कापणी रविवारी करायची ठरली होती, इतकं सुंदर वाढलं होतं गवत. आता कडेला जागोजागी तळहाताएवढे भुंडे डाग पडले होते, काळी माती उघडी. सत्यभामा पाण्याचा पाइप गुंडाळत होती. मी विचारलं, हे काय झालं? ती पाइप गुंडाळत राहिली.

"बाई, मी कैचीनं कापते. तुमी पाह्यलं नं."

मी म्हटलं, मला माहीत आहे, पण मग कोणी केलं?

"मले नका विचारू. मले इथं काम करायचं हाय."

मग मी तपासनीस झाले. तीच माझी जन्माची सवय. दोरीपाशी वाकून पाहिलं. सगळे डाग रस्त्याच्या कडेने, हात पोचेल तेवढ्याच अंतरात. मधे, जिथे चरोटा दाट होता, तिथे त्याचे कापलेले बुंधे उभे होते आणि भोवतीचं गवत जसंच्या तसं. म्हणजे ज्याने कुणी उपटलं तो रस्त्यावर उभा होता, पाय न मळवता. आणि पाटावर बसून मधलं तण कापणाऱ्या बाईवर आळ. माझं डोकं भणभणलं. घरी येऊन मी यजमानांना, नरहरांना, हे सगळं दोनदा ऐकवलं. या इमारतींतल्या माणसांना लाज कशी नाही, इथपर्यंत बोलले. ते पेपर तोंडासमोर धरून बसले होते. मी म्हटलं, ऐकताय ना? ते म्हणाले, हो, ऐकतोय. पान काही उलटलं नाही.

शनिवारी दुपारी मी निर्माल्य आवरायला घेतलं. आमचा गणपती दीड दिवसाचा. गुरुवारी विसर्जन झालं, पण निर्माल्य मी तळ्यात टाकत नाही, खतासाठी ठेवते. फुलं वेगळी केली, दोरे सोडायला दुर्वांच्या जुड्या हातात घेतल्या आणि हात तसाच राहिला. दुर्वा खुडल्या की पेरापाशी तुटतात. या तुटलेल्या नव्हत्या. प्रत्येक काडीच्या खाली पांढरी बारीक मुळं होती, मुळांना काळी माती, आणि एकीला अजून बियाचं टरफल चिकटलेलं. ते बी मी स्वतः मुठीने फेकलं होतं. बुधवारी याच जुड्या मी हात जोडून देवाच्या डोक्यावर वाहिल्या होत्या, आणि तेव्हा चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता, तरी मुळं मला दिसली नव्हती.

मी जुडी नरहरांसमोर धरली. ते दर वर्षी तळ्याकाठून दुर्वा आणतात. या वर्षी गुडघा दुखत होता. त्यांनी सांगितलं, शामरावांचाच फोन आला होता की आपल्याच लॉनमध्ये कोवळी दूब आहे. चतुर्थीच्या सकाळी पाच-सहा घरचे पुरुष दोरीपाशी जमले होते, सोवळ्यात, गप्पा मारत.

"पूजेसाठी घेतल्या, विजया," ते म्हणाले. "तोडल्या कुठे?"

माझा संताप दोन दिवस ज्याच्या शोधात फिरत होता, तो माझ्याच सोफ्यावर बसला होता. मी त्यांच्याशी रात्रीपर्यंत बोलले नाही. स्वतःशी मात्र बोलले, आणि ते चांगलं नव्हतं.

रविवारी क्लबच्या खोलीत वीसेक माणसं होती. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी सत्यभामा दाराशी उभी. शामरावांनी शिस्तीवर सुरुवात केली, मग सोसायटीच्या इभ्रतीवर आले, आणि शेवटी म्हणाले की ह्या लोकांना दिसेल ते तोडून न्यायची सवयच असते. ह्या लोकांना. मी उठले आणि निर्माल्याची पिशवी त्यांच्या टेबलावर उपडी केली. माती त्यांच्या कागदांवर सांडली.

म्हटलं, या माझ्या घरच्या दुर्वा. मुळं बघा, खालचं टरफल बघा. हे आपलं लॉन आहे, माझ्या घरात सापडलं. तुमच्या घरातलं निर्माल्यही आणा, ताडून पाहू. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. नरहर उभे राहिले, मीही उपटल्या, एवढंच म्हणाले आणि बसले. त्यांचे कान लाल झाले होते.

शामराव बावचळले नाहीत, हे विशेष. समजावणीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, ते देवाचं काम होतं. त्याले नुकसान कसं म्हणता?"

"गवताला कळत नाही, शामराव," मी म्हटलं, "आपल्याला कोणासाठी उपटलं ते."

कागद मागे घेतला गेला. सत्यभामाला सांगण्यात आलं की जा, काम कर. माफी कुणी मागितली नाही. हे माझ्याही लक्षात जिन्यात आलं, आणि मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, तुमी काहून मागता. मग मी विचारलं, तू बघितलं होतंस ना, मग बोलली का नाहीस?

"आमच्या घरी गनपती बसत नाही, बाई. हे साऱ्यायले मालूम हाय. देवाची दूब तोडू नका म्हटलं असतं, तं नोटीस नसती लागली. तवाच काढलं असतं."



सोमवारी आम्ही भुंड्या जागांवर पुन्हा बी टाकलं. नरहर गुडघा धरून पैरा पसरत होते. मंगळवारी सकाळी दोरीपाशी पाटी उभी होती, हिरव्या रंगाची, नवी कोरी. लिहिलं होतं: ‘लॉन से भाजी तोड़ना सख़्त मना है।’ दुर्वांचा उल्लेख नव्हता.

सत्यभामा पाटावर बसून तण कापत होती, नेहमीसारखंच नीट. पण पिशवी आणली नव्हती. कापलेला चरोटा ती मुठीमुठीने रस्त्याच्या कडेला टाकत होती आणि तो उन्हाने मलूल होत होता. मी म्हटलं, नेत नाहीस? ती म्हणाली, "आता नाही नेत."

मी वर गेले, पिशवी घेऊन खाली आले. तिच्याजवळचा दुसरा पाट मागून घेतला, बरोब्बर त्या पाटीखाली ठेवला, त्यावर बसले आणि कात्रीने चरोट्याची कोवळी पानं कापायला लागले. शामराव त्यांच्या बाल्कनीत चहा पीत होते. त्यांनी पाहिलं. दूध घ्यायला निघालेल्या बायकांनी पाहिलं, वॉचमनने पाहिलं. एकीने तर थांबून विचारलं, काकू, कशी करायची हो ही भाजी?

तासभर मी त्या पाटीखाली बसून भाजी तोडली. पिशवी गच्च भरली. मला कुणीही काही म्हटलं नाही.